टोचन लावायच्या आधी दोन मिनिटं थांबा

मंडळी, उसाचा हंगाम तोंडावर आलाय. बारामती–फलटण रस्त्यावर आता रात्रंदिवस उसाचे ट्रक धावणार. त्यातला एखादा कुठंतरी बंद पडणारच. पाटा तुटतो, क्लच प्लेट जाते, एक्सल तुटतो. गाडी बंद पडणं हा काही ड्रायव्हरचा गुन्हा नाही. पण ती हलवताना आपण जी घाई करतो, त्याबद्दल आज लिहितोय.

सांगवीत दरवर्षी हेच बघतो. ट्रक अडकला की पाच मिनिटांत गर्दी. मागचे हॉर्न वाजवतात, बघे ओरडतात, "लाव टोचन, ओढ!" मग येतो ट्रॅक्टर आणि वायररोप. रोप ताणलेला असतो आणि चार पोरं त्याच्या शेजारीच उभी. तो तुटला तर चाबकासारखा फिरतो, पाय जातो माणसाचा.

ट्रक हलत का नाही, हे आधी समजून घ्या. एअर ब्रेकच्या गाडीची हवा उतरली की मागची चाकं स्प्रिंगच्या जोरावर जाम होतात. हा बिघाड नाही, ही सुरक्षा आहे. तशीच ओढली तर टायर घासतात, रोपवर भलताच ताण येतो. म्हणून ओढणाऱ्या गाडीतून पाइपानं हवा द्यायची, नाहीतर मिस्त्रीनं बोल्ट लावून ब्रेक सोडवायचा. त्या स्प्रिंगमध्ये प्रचंड ताकद असते, तिथं हौशी हात नको.

आणि ब्रेक सोडवण्याआधी चाकांना ठोकळे लावायचेच. बोल्टनं सोडवलेल्या आणि हवा नसलेल्या गाडीला मग ब्रेकच उरत नाही! रोप फक्त ओढतो, थांबवत नाही. पुढचा थांबला की मागचे वीस-पंचवीस टन त्याच्यावर आदळणार. म्हणून लोखंडी टोचन रॉडच हवा. इंजिन बंद असल्यानं स्टेअरिंगही जड होतं, तिथं लायसनवाला ड्रायव्हरच बसवा. लांब न्यायची तर प्रोपेलर शाफ्ट सोडा, नाहीतर गिअरबॉक्सला तेल न पोचून तो जळतो. जमलं तर ऊस आधी दुसऱ्या गाडीत भरा.

१९८९ च्या रस्ता नियमांतही हेच होतं: दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत, मागं ठळक फलक.

रात्री तर सगळ्यात मोठा धोका मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला. झाडाची फांदी अन् चार दगड अंधारात दिसत नाहीत. गाडी निघून जाते, दगड तिथंच राहतात.

माझं म्हणणं एवढंच. हंगाम सुरू होण्याआधी ग्रामपंचायत, कारखान्यांचे गट ऑफिस आणि वाहतूकदारांनी बसून ठरवावं. एक टोचन रॉड, चार ठोकळे, रिफ्लेक्टरचे त्रिकोण गावात ठेवावेत. क्रेनवाल्याचा अन् मिस्त्रीचा नंबर चौकात लिहावा. खर्च फार नाही.

रस्ता तासभर अडला तर अडू दे. घरी जाणारा माणूस घरी पोचला पाहिजे. तुमच्या गावात काय सोय आहे, कमेंटमध्ये सांगा. आणि ओळखीच्या ट्रकवाल्यांपर्यंत हे जरूर पोचवा.