दूध किती वाजता आलं?

सकाळी सातला वहिनी स्वयंपाकघरात गेली तेव्हा आई ओट्याखाली भिंतीला पाठ लावून बसली होती. गॅसवर दुधाचं पातेलं होतं, पण शेगडी पेटवलेली नव्हती. उजवा हात मांडीवरून घसरून फरशीवर आला होता आणि पदर सावरायची धडपड ती डाव्या हाताने करत होती. वहिनीने हाक मारली. आईने वर पाहिलं, तोंड उघडलं आणि शब्दाच्या जागी नुसता घोगरा आवाज आला. ओठ डाव्या बाजूला ओढले गेले होते.

२०२३चा फेब्रुवारी. मी बायको-मुलांना घेऊन आदल्या रात्रीच पुण्याहून गावी, कोरेगाव तालुक्यात आलो होतो. आई तेव्हा ६१ वर्षांची. रोज शेतात खुरपायला जाणारी. आमच्या बाळंतपणांनंतर ती स्वतःसाठी म्हणून कधी दवाखान्यात गेलेली कुणाला आठवत नव्हती.

गलका ऐकून शेजारच्या मावशी आल्या. “अंगावरनं वारं गेलंय,” त्या म्हणाल्या, “आधी तेल कोमट करा आन् चोळा.” त्यांनी मायेनेच सांगितलं, आणि आम्ही खरोखरच पंधरा मिनिटं आईचा हात चोळत बसलो. कुणीतरी लकव्यावर झाडपाल्याचं औषध देणाऱ्या एका माणसाचं गाव सांगितलं. शेवटी दादाने गाडी काढली. वाटेतल्या पहिल्या दवाखान्यात वरचं बीपी १९० निघालं. तिथे जिभेखाली गोळी ठेवली गेली, सलाईन लागलं आणि ‘थोडा वेळ बघू’ असं सांगण्यात आलं. त्या दवाखान्यात सीटी स्कॅन नव्हतं, आणि ते आधी विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिथे चाळीस मिनिटं गेली.

मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये एक हिशेब मांडला आहे. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. हे पुढे कधीतरी वाचनात आलं तेव्हा मी आधी त्याला चाळीसने गुणून पाहिलं. साडेसात कोटींच्या वर जातो आकडा. आईची बंद पडलेली वाहिनी त्यामानाने लहान होती, त्यामुळे हा गुणाकार तिला जसाच्या तसा लागू नाही. तरी तो मनातून जात नाही.

साताऱ्याच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा नऊला दहा कमी होते. तरुण डॉक्टरबाईंनी आईला दात दाखवायला सांगितले, दोन्ही हात उचलायला सांगितले, बोटाला टोचून साखर पाहिली, आणि मग आमच्याकडे वळून विचारलं, “यांना शेवटचं अगदी नीट असताना कधी पाहिलंत?”

“रात्री दहाला,” दादा म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस कधी सापडला यावरून मोजत नाहीत. तो शेवटचा धडधाकट कधी होता यावरून मोजतात. रात्री दहापासून धरलं तर अकरा तास होत आले होते. पण त्या तिथेच थांबल्या नाहीत, आणि त्यासाठी आमचं घर त्यांचं कायमचं ऋणी आहे. “सकाळी उठून कुणाशी बोलल्यात का? दार उघडलं, फोन घेतला, कुणी येऊन गेलं?”

वहिनी एकदम म्हणाली, “दूध.” पातेल्यात दूध होतं, म्हणजे ते कुणीतरी घेतलं होतं.

दूधवाल्याला फोन लावला. तो अजून रतिबावरच होता. “काकूंनीच घेतलं की,” तो म्हणाला. “पाव्हणं आल्यात, अर्धा लिटर जास्ती घाल म्हणाल्या.” डॉक्टरबाईंनी फोन स्वतःकडे घेतला. बोलणं अडखळत होतं का? नाही. पातेलं कुठल्या हाताने धरलं होतं? दोन्ही हातांनी. वेळ? सहा-दहा, कारण सव्वासहाला तो देवळापाशी असतो. बाईंनी केसपेपरच्या कोपऱ्यात ६.१० असं लिहिलं, त्याभोवती गोल केला, आणि पुढच्या मिनिटाला आईची गाडी सीटी स्कॅनच्या दिशेने ढकलली जात होती.

सीटी आधी का, हे समजून घेण्यासारखं आहे. बाहेरून दिसणारा अर्धांगवायू सारखाच असतो, पण आत दोन उलट गोष्टी घडलेल्या असू शकतात: वाहिनी तुंबलेली असते, नाहीतर फुटलेली. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ अशी दोन वर्षं लोकवस्तीतल्या पक्षाघातांची नोंद ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच झटका आलेल्या ४५६ जणांपैकी ३६६ जणांची वाहिनी तुंबली होती आणि ८१ जणांना रक्तस्राव झाला होता. म्हणजे पाचातले चार इंजेक्शनच्या वाटेवरचे. पण उरलेल्याला तेच इंजेक्शन दिलं तर तो हातचा जाईल. कोण कुठला, ते हात लावून, नाडी पाहून किंवा अनुभवाने सांगता येत नाही. आईच्या सीटीत रक्त नव्हतं.

मग सहीचा कागद आला. या इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, शंभरात सहा जणांना होतो, असं बाईंनी सरळ सांगितलं. दादाचा हात थांबला. मीही गप्प झालो. ज्या आजारात वाहिनी फुटलेली नाही याचा आनंद आम्ही पाच मिनिटांपूर्वी मानला होता, त्यातच ती आपल्या सहीने फोडायची?

तो सहाचा आकडा कुठून आला, ते मी पुढे शोधून वाचलं. १९९५च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ६२४ रुग्णांवरच्या एका चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. निम्म्यांना अल्टेप्लेस, म्हणजे गुठळी विरघळवणारं हेच औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं निर्गुण इंजेक्शन, सगळं तीन तासांच्या आत. लक्षणं वाढवणारा रक्तस्राव औषधाच्या गटात ६.४ टक्के झाला, दुसऱ्या गटात ०.६ टक्के. दहापट. आणि तरीही तीन महिन्यांनी मृत्यू औषधाच्या गटात १७ टक्के होते, दुसऱ्यात २१. जवळजवळ पूर्ण बरे झालेले लोकही औषधाच्या गटातच जास्त. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. सही करणाऱ्या माणसाला मात्र पहिलाच ऐकू येतो. बाईंनी दुसराही शांतपणे सांगितला, म्हणून दादाने सही केली.

नऊ-चाळीसला इंजेक्शन सुरू झालं. दहावा हिस्सा एका मिनिटात, उरलेलं तासाभरात. सहा-दहापासून साडेतीन तास झाले होते. १९९५च्या नियमाने आई मुदतीबाहेर होती. तिला आत घेतलं ते २००८ मध्ये युरोपातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने. तीन ते साडेचार तासांच्या मधल्या वेळेत आलेल्या ८२१ रुग्णांना घेऊन ‘एकास-३’ नावाची ती चाचणी झाली. औषध मिळालेल्यांपैकी ५२.४ टक्के लोकांचं चांगलं झालं, न मिळालेल्यांपैकी ४५.२ टक्क्यांचं. शंभरात सात माणसांचा फरक. कुणाला तो किरकोळ वाटेल. त्या सातांतली एक आपल्या घरातली असू शकते असं वाटलं की तो किरकोळ वाटत नाही.

दूधवाल्याने फोन उचललाच नसता तर? त्यावरही काम झालेलं आहे. झोपेतून उठतानाच ज्यांना झटका आलेला दिसतो, त्यांची वेळ कुणालाच सांगता येत नाही. हॅम्बुर्गच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या ‘वेक-अप’ चाचणीत ५०३ रुग्णांची वेळ घड्याळाऐवजी एमआरआयवरून ठरवली गेली. एका प्रकारच्या प्रतिमेत इजा दिसते आणि दुसऱ्या प्रकारात अजून उमटलेली नाही, म्हणजे इजा ताजी आहे, असा तो तर्क. २०१८ मध्ये निकाल आला आणि तो तर्क खरा ठरला: औषध मिळालेल्यांपैकी ५३.३ टक्क्यांचं चांगलं झालं, न मिळालेल्यांपैकी ४१.८ टक्क्यांचं. पण त्यासाठी सकाळी नऊला चालू असलेलं एमआरआय आणि ते वाचणारा माणूस लागतो. आमच्याकडे रतीब घालणारा माणूस होता.

पहिल्या दिवशी आईला माझं नाव घेता येत नव्हतं. ती माझ्याकडे बघून ‘ते… ते…’ एवढंच म्हणायची आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. संध्याकाळी माझ्या मुलीने सवयीने शुभंकरोती सुरू केलं, तर आई तिच्याबरोबर शेवटपर्यंत म्हणत गेली, एकही शब्द न चुकता! आम्ही चमत्कार झाला म्हणून नर्सला बोलावलं. डॉक्टरांनी सांगितलं, पाठ असलेलं बोलणं आणि मनातलं शोधून बोलणं यांच्या वाटा मेंदूत पुरत्या एक नसतात; एक बंद पडली तरी दुसरी चालू राहू शकते. स्वतःचं वाक्य जुळवायला आईला पुढे सहा आठवडे लागले.

गुठळी आली कुठून, तेही दुसऱ्या दिवशी कळलं. ईसीजीत ठोके अनियमित होते, आणि इको केल्यावर हृदयाची एक झडप आक्रसलेली दिसली. लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे का, असं हृदयरोगतज्ज्ञांनी विचारलं. मामाला आठवलं, दहा-बारा वर्षांची असताना आई महिनाभर गुडघे धरून पडली होती. तो संधिवाताचा ताप पन्नास वर्षं झडपेत बसून होता. तिथे रक्त साकळायचं, आणि त्यातलाच एक कण मेंदूत जाऊन अडकला.

रक्त पातळ ठेवायची नवी गोळी निघाली आहे, तिला दर महिन्याला तपासणी लागत नाही, असं मी ऐकून होतो. महाग असली तरी चालेल, तीच द्या, असा माझा आग्रह होता. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि जुनीच स्वस्त गोळी लिहिली. कारण ‘इन्व्हिक्टस’. संधिवाताच्या तापाने बिघडलेलं हृदय आणि अनियमित ठोके असलेले ४,५३१ रुग्ण, त्यांत बहात्तर टक्के बायका, सरासरी वय पन्नास. २०२२ मध्ये आलेल्या निकालात नव्या रिव्हरोक्सॅबानच्या गटात ५६० जणांना झटका, मृत्यू किंवा तत्सम आपत्ती आली. जुन्या औषधाच्या गटात ४४६ जणांना. हे दुखणं बहुतेक गरीब देशांत उरलं आहे. वेगळ्या हृदयविकाराच्या रुग्णांवर सिद्ध झालेली गोळी आपल्याकडच्या बायकांना तशीच लागू पडेल असं धरून न चालता कुणीतरी हा अभ्यास केला, याचं मोल मला फार वाटतं. आई दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासते. तो दोन ते तीनच्या मध्ये असावा लागतो.

नातेवाइकांचा दुसऱ्या दिवसापासून एकच धोशा होता: उठवा, चालवा, नाहीतर पाय धरतील. फिजिओथेरपिस्ट थोडं थोडंच करून घेत होत्या, आणि आम्हाला तो आळस वाटला. २०१५चा ‘अ‍ॅव्हर्ट’ अभ्यास त्यांच्या बाजूचा निघाला: २,१०४ रुग्णांपैकी ज्यांना पहिल्या चोवीस तासांत उठवून वारंवार आणि जास्त वेळ हालचाल करायला लावली, त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांचं चांगलं झालं, नेहमीच्या गतीने नेलेल्यांपैकी ५० टक्क्यांचं.

घरी आल्यावर व्यायामाची जबाबदारी वहिनीवर पडली. सकाळ-संध्याकाळ ती आईच्या बोटांत वाटाण्याचे दाणे ठेवायची आणि ताटलीत टाकायला लावायची. आलेगेले विचारायचे, “अजून मूठ कशी वळत नाही?” त्यात वहिनीवर ठपका असायचा. घरच्यांना शिकवून करवून घेतलेल्या व्यायामाची ‘अटेंड’ नावाची मोठी चाचणी भारतातच, १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाली. २०१७ मध्ये निकाल लागला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन या व्यायामाच्या आणि नेहमीच्या उपचारांच्या अशा दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. हे वाचून मला आधी वाईट वाटलं. मग मी तो लेख वहिनीला मराठीत समजावून सांगितला. मूठ वळली नाही यात तिची कसूर नव्हती.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी आईला एक आकडा दिला: दोन. जगभरच्या चाचण्या याच मापाने मोजतात. ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये सुचवलेल्या मापाचं हे सुधारलेलं रूप. शून्य म्हणजे आजाराचं काहीच उरलं नाही, सहा म्हणजे मृत्यू. दोन म्हणजे स्वतःचं सगळं करते, पण पूर्वीचं सगळं काम जमत नाही. ‘एकास-३’मध्ये चांगला परिणाम म्हणजे शून्य किंवा एक, तेव्हा त्या तक्त्यात आई अपयशाच्या रकान्यात पडली असती. आई भाकरी थापते, अंघोळ आपली आपण करते, फोनवर माझं नाव घेऊन हाक मारते. खुरपं मात्र तिच्या हातात टिकत नाही. एक आणि दोन यांच्यामध्ये आमच्या घरी ते खुरपं आहे.

आम्हाला गाडी मिळाली, तासाभराच्या अंतरावर सीटी मिळालं. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश कालकोंडे, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०११ ते २०१३ या काळातल्या १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. इतर कुठल्याही एका कारणापेक्षा जास्त. आणि त्या माणसांपैकी ८७.३ टक्के घरीच गेले. त्यांच्यासाठी तीन तास आणि साडेचार तास यांत काहीच फरक नव्हता. तिथे बीपीची गोळी वेळेवर पोचवणं हाच मोठा उपचार आहे, आणि सरकारने तेवढं तरी दर गावात करावं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, यांतलं एक जरी अचानक दिसलं तर तेल चोळू नका, बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. १०८ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्या. वाटेत गाडीत बसल्या बसल्या, त्या माणसाला शेवटचं नीट कोणी पाहिलं ते शोधा, आणि ती वेळ हातावर लिहून ठेवा. घरच्यांना आठवत नसेल तर दूधवाल्याला विचारा.