पाय टेकतात ना

‘ताई, पाय टेकतात ना?’

टेकत होते, पण चवडे. टाचा अधांतरी. गाडी दाखवणारा मुलगा म्हणाला, तेवढं चालतं. अलिबागहून परतताना एसटीत, आक्षीचा पूल मागे पडला तरी मी तिथेच अडकले होते. चवडे टेकले म्हणजे पाय टेकले का?

बाकीचं फार अवघड गेलं नाही. बिनगिअरची स्कूटर घ्यायची हे ठरलेलं होतं. शंभर-एकशे दहा किलोचं वजन वाडीतल्या उतारावरून एकटीला मागे ओढता यायला हवं आणि पायाशी नारळाचं पोतं मावायला हवं. आमच्या किनाऱ्यावर स्कूटरची खरी किंमत त्या पायाजवळच्या सपाट जागेला आहे. मासळीचा टब, गॅसचा सिलिंडर, शाळेची दप्तरं, सगळं तिथेच. खारी हवा पत्रा खाते, म्हणून गाडी गोड्या पाण्याने धुवायची, हेही इथे कुणी शिकवावं लागत नाही. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना २०१९पासून जोडब्रेक असतो. डावा दाबला की पुढच्या चाकालाही थोडा लागतो. घाबरलेला हात एकच ब्रेक धरून बसतो, म्हणून नवशिक्याला त्याचा मोठा आधार. नागाव-चौलच्या रस्त्यावर वळणावळणाला वाळू आणि पडलेल्या झावळ्या असतात. तिथे तो आधार लागेलच.

हे सगळं समजलं. टाचांचं मात्र समजेना.

आई म्हणायची, अंथरूण पाहून पाय पसरावे. बाबांनी बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवलं तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता. नंबर लागल्याचं पत्र आलं तेव्हा तो रायगड झाला होता. १९८१च्या आधी मागितलेली गाडी १९८१च्या नंतर मिळणार होती, आणि त्या काळात याचं कुणाला नवल नव्हतं. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. पत्र आलं त्या वर्षी घराची कौलं बदलायची होती. त्या वेळी आईने ही म्हण एकदाच उच्चारली. बाबांनी पत्राची घडी केली आणि कपाटातल्या कागदांखाली सरकवली. पुढे निवृत्त होईपर्यंत ते सायकलनेच शाळेत गेले.

ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिच्यातलं अंथरूण कधी नीट पाहिलं नव्हतं. आमच्या घरी अंथरूण म्हणजे आजीने शिवलेली गोधडी. ती कधीच एका मापाची नव्हती. मूल वाढलं की आजी पायथ्याशी जुन्या लुगड्याची एक पट्टी जोडायची. माझ्या गोधडीला तीन पट्ट्या होत्या, एक हिरवी आणि दोन विटकरी. म्हणजे आधी पाय बाहेर यायचे आणि मग अंथरूण वाढायचं. पाय पसरलेच नसते तर कुणाला कळलं असतं, गोधडी अपुरी पडते आहे म्हणून?

असं लिहिलं आणि थांबले, कारण आईचं अंथरूण आठवलं. सगळ्यांची घालून झाली की उरेल त्यावर ती निजायची, गुडघे पोटाशी घेऊन. तिच्या गोधडीला पट्टी जोडलेली मी पाहिली नाही. ती म्हण घरात सर्वांत कमी पाय पसरणारं माणूस म्हणत होतं. आई आम्हाला अडवत होती की स्वतःची समजूत घालत होती, हे मला आज सांगता येत नाही.

अलिबागच्या किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. ती मूळची मुंबईतल्या कुलाब्याची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्या विजेने पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या सुया विचलित झाल्या असत्या, म्हणून १९०४मध्ये काम इथे आणलं. ट्राम धावली १९०७मध्ये. इथल्या इमारतीसाठी लोहाचा अंश नसलेला पोरबंदरी दगड वापरला. वाहन यायच्या आधीच सुईला त्याच्यापासून दूर न्यावं, याचं मला लहानपणी फार अप्रूप वाटायचं. बाबा त्या कुंपणाजवळून जाताना सायकलवरून उतरायचे. तसा नियम नव्हता. लोखंड जवळून जातंय तर निदान हळू जावं, असं ते म्हणायचे.

परवा त्याच कुंपणाशी मी बराच वेळ उभी होते. माझ्याही आत काहीतरी हलत होतं, पण जवळ कुठलं लोखंड होतं ते कळेना. शोरूममधली ती निळी गाडी? की कपाटात राहिलेलं पत्र? चाळीस वर्षांपूर्वी न आलेली स्कूटर सुई फिरवू शकते का? मला स्वतःला गाडी हवी आहे, की बाबांची राहिलेली आणायची आहे? दुसरं असेल तर टाचा कुणाच्या मोजायच्या?

शेजारच्या मुलीने तिची स्कूटर आमच्या अंगणात आणून दिली, बसून बघा म्हणाली. जाड तळाच्या चपला घातल्या तर टाचा लागतात. नुसत्या पायाने लागत नाहीत. पावसात शेवाळावर काय होईल, ते अंगणात कळत नाही.

आई ओट्यावरून पाहत होती. आता तिला पायऱ्या उतरायला हात द्यावा लागतो. उतरली, गाडीभोवती फिरली, सीटवर तळहात ठेवला. म्हण काही तिने काढली नाही.

‘मी मागे बसले की माझे पाय कुठे?’

मी वाकून मागचा पायटा उघडून दाखवला. तो तिच्या तळव्याहून पुष्कळ आखूड होता.