स्टिकवरचे नाव

ब्रॅम्प्टनला ताईकडे गेले, तेव्हा बर्फावरच्या हॉकीविषयी मला एवढेच ठाऊक होते की तिथे चेंडू नसतो, रबराची काळी चकती असते. हॉकी म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे येते ती खडकी. आमच्या महाविद्यालयीन दिवसांत धनराज पिल्ले हे नाव पुण्यात घरच्या माणसासारखे घेतले जाई. आणि मोडक्या स्टिक व टाकून दिलेले चेंडू घेऊन ही भावंडे कशी खेळत, ही हकिकत बक्षीस समारंभांतून कोणी ना कोणी सांगेच. त्या मोडक्या स्टिकवर कोणत्या कारखान्याचे नाव होते, हे मात्र कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. भाच्याची स्टिक मोडली होती. त्याचे वय तेरा. भावोजी कामावर, ताईची रात्रपाळी झालेली, तेव्हा त्याला दुकानात घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आले. खरे तर तोच मला घेऊन गेला. खेळाच्या सामानाचे ते दुकान म्हणजे एखादे ग्रंथालयच होते. भिंतभर उभ्या केलेल्या स्टिक, आणि त्यांची वर्गवारीही ग्रंथालयातल्यासारखीच काटेकोर : डावखुऱ्याची, उजव्याची, किती लवते त्याचा आकडा, पात्याचा बाक कसा त्याचा संकेत. आता त्या लाकडाच्या नसतात, कार्बनतंतूंच्या असतात. हातात घेतल्यावर वजन जाणवू नये इतक्या हलक्या, आणि किंमत विचारल्यावर घेरी यावी इतक्या महाग. चांगली स्टिक तिथल्या साडेतीनशे-चारशे डॉलरांना. मी मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प बसले.

भाच्याला हवी होती ‘मॅथ्यूज’. ऑस्टन मॅथ्यूज हा टोरँटोच्या मेपल लीफ्स संघाचा गोल करणारा खेळाडू. त्याचे चित्र भाच्याच्या खोलीत, शालेय वेळापत्रकाच्या अगदी वर लावलेले. दुकानातल्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी स्टिक काढून दिली आणि सहज म्हणाले, की हा बाक म्हणजे जुनाच पी ९२. आधी याला नासलुंड म्हणत. मग बॅकस्ट्रॉम म्हणू लागले. आता मॅथ्यूज.

मी मराठीची शिक्षिका असल्यामुळे माझे कान टवकारले गेले ते इथे.

प्रकार असा आहे. बाउअर या कंपनीच्या पात्याचा एक बाक, संकेतनाम पी ९२. व्हँकूव्हरकडून खेळणारा स्वीडिश खेळाडू मार्कस नासलुंड याच्या नावाने तो पूर्वी विकला जाई. नासलुंडचे दिवस सरले, तेव्हा तोच बाक वॉशिंग्टनच्या निकलस बॅकस्ट्रॉमच्या नावाने विकला जाऊ लागला, आणि पुढे मॅथ्यूजच्या. वस्तू तीच राहते, नाममुद्रा बदलते. आपल्याकडे याच्या नेमका उलट घोटाळा आहे : मुद्रा तीच, माणसे निराळी. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळलेले आहेत, कारण दोघांच्याही शेवटच्या चरणात ‘नामा’ आहे. यातले कोणते कोणाचे, हे वेगळे करताना आपले संशोधक किती शिणले, हे या पानावरच्या वाचकांना मी सांगायला नको. फरक एवढाच की विष्णुदास नाम्याला त्या नावाचे कोणी पैसे दिले नव्हते. (निदान तसा पुरावा नाही.)

त्या रात्री भावोजींनी मला या खेळाचा इतिहास ऐकवला. ते तिथे गेले १९९९ साली, म्हणजे वेन ग्रेट्झकी ज्या वर्षी निवृत्त झाला त्या वर्षी, आणि त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहायचे राहून गेले याची हळहळ त्यांना अजून वाटते. ग्रेट्झकी ऑन्टारिओतल्याच ब्रँटफोर्डचा. वडिलांनी घरामागच्या अंगणात पाणी सोडून, ते गोठवून केलेल्या मैदानावर तो शिकला. एडमंटनकडून त्याने चार वेळा स्टॅनली चषक जिंकला, तो फिनलंडच्या ‘टायटन’ या लाकडी स्टिकने. १९८८ साली एडमंटनने त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकले, तेव्हा साऱ्या कॅनडाला घरातले माणूस गेल्यासारखे वाटले होते म्हणतात. तिथे गेल्यावर काही काळाने त्याच्या हातात ॲल्युमिनियमच्या दांड्याची चकचकीत ‘ईस्टन’ आली. ही कंपनी मुळात बाण आणि बेसबॉलच्या बॅटी करणारी. सर्वांत मोठ्या खेळाडूने लाकूड सोडले, हे लहान मुलांनी दूरदर्शनवर पाहिले आणि दुकानात जाऊन तीच स्टिक मागितली. भावोजी म्हणाले, त्या काळातल्या इथल्या कोणाही माणसाला विचार, चंदेरी स्टिक म्हटले की त्याला ग्रेट्झकी आठवेल. आता ग्रेट्झकीच्या खेळात त्या दांड्यामुळे काही सुधारणा झाली का? त्याचे विक्रमांनी भरलेले हंगाम तर लाकडाच्या काळातले. पण हा प्रश्न विकत घेणारा विचारत नाही.

मला स्वतःला आवडली ती त्याआधीची गोष्ट. साठच्या दशकात शिकागोच्या स्टॅन मिकिटाची स्टिक सरावात तडकली. दुसरी आणायला जायचा कंटाळा, म्हणून तो तशाच वाकलेल्या पात्याने चकती मारीत राहिला आणि ती विचित्र उसळू लागली, हवेत वळू लागली. मग त्याने आणि त्याचा सहकारी बॉबी हल याने पाती मुद्दाम वाकवून खेळायला सुरुवात केली. त्या काळात गोलरक्षकांपैकी अनेकजण तोंडावर मुखवटादेखील घालत नसत, त्यांचे काय झाले असेल याची कल्पना करावी. शेवटी लीगला बाकाची मर्यादा ठरवावी लागली. म्हणजे आज ज्या बाकाला तीन-तीन खेळाडूंची नावे लागतात, त्या बाकाचे मूळ एका तडकलेल्या, टाकाऊ स्टिकमध्ये आहे. खडकीपासून हे फार लांब नाही.

पुढचा सारा इतिहास कंपन्यांनी कंपन्या गिळण्याचा आहे आणि तो मी थोडक्यात उरकते. नायकेने नव्वदच्या दशकाच्या मध्याला बाउअरची मालक कंपनी जवळपास चाळीस कोटी डॉलरांना घेतली आणि २००८ साली बाउअर वीस कोटींना विकून टाकली. सिडनी क्रॉसबी या मुलाने २००५ साली, व्यावसायिक लीगमधला एकही सामना खेळण्यापूर्वी, रीबॉकशी करार केला होता. मग रीबॉकच आदिदासच्या पोटात गेली. ग्रेट्झकीची ईस्टनही हॉकीतून संपली : २०१६ साली तिचा हॉकीचा भाग बाउअरच्या मालकांनी घेतला आणि त्याच वर्षी त्या मालकांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. इतके सगळे होऊनही लहान मुलांच्या तोंडी कंपनीच्या मालकाचे नाव नसते. नाव असते ते खेळाडूचे. पैसा त्याचाच मोजला जातो.

या व्यवहाराला मराठीत शब्द नाही, असे मी भावोजींना म्हणाले आणि लगेच जीभ चावली. शब्द आहे. ‘पुरस्कार’. पुरः म्हणजे पुढे. पुढे करणे, उचलून धरणे. विधवाविवाहाचा पुरस्कार केला, असे आपण अजून लिहितो. पण पुरस्कार आता ‘करायचा’ कमी आणि ‘घ्यायचा’ जास्त उरला आहे. ज्या गोष्टीवर आपला विश्वास आहे तिला पुढे करणे, हा त्या शब्दातला अर्थ. पैसे घेऊन पुढे केली तर?

दुसऱ्या दिवशी भाचा मैदानावरून तोंड पाडून आला. त्याच्या संघातल्या एका मोठ्या मुलाने त्याला सांगितले होते की तू घेतलीस ती स्टिक आणि व्यावसायिक खेळाडूंच्या हातातली स्टिक या एक नव्हेतच. हे काही गुपित नाही, हॉकीचे सामान जाणणाऱ्यांना ते ठाऊक असते. खेळाडूला आपली जुनी स्टिक सवयीची असते. तिची लवचीकता, तिचे वजन, तिचा बाक हाताला बसलेला असतो. तो ती सोडायला तयार नसतो. कंपनीला तर यंदाचे नवे मॉडेल विकायचे असते. यावर तोडगा असा, की कारखान्यात जुन्याच जातीची स्टिक करायची आणि तिच्यावर नव्या मॉडेलचा रंग चढवायचा. टीव्हीवर दिसते नवी, हातात असते जुनी. दोन्ही बाजू खूश. सगळेच असे करतात असे नाही, पण करणारे थोडे नाहीत.

“म्हणजे तो खोटं बोलतो का गं मावशी?” भाच्याने विचारले.

मी म्हणाले, तो काही बोलत नाही, नुसता खेळतो. उत्तर बरोबर होते आणि मला स्वतःला ते अजिबात पटले नाही. त्याचे कारण सांगण्यासाठीच खरे तर मी हा लेख लिहायला घेतला आहे, आणि एवढा वेळ हॉकीच्या आडोशाने उभी राहिले.

२००६ साली मी तासिका तत्त्वावर शिकवीत होते. ज्यांनी ते दिवस काढले आहेत त्यांना मानधन केव्हा मिळते, हे सांगायला नको. त्या वर्षी एका प्रकाशकांनी मला बोलावले. द्वितीय वर्ष कला, मध्ययुगीन मराठी वाङ्मय या विषयाचे मार्गदर्शक, म्हणजे गाइड, त्यांच्याकडे तयार होते. कोणा एम. ए. झालेल्या होतकरू मुलाने ते लिहिले होते. त्यांना मुखपृष्ठावर ‘प्रा.’ लागलेले एक नाव हवे होते, महाविद्यालयाच्या उल्लेखासह. पाच हजार रुपये. मी हस्तलिखित घरी नेले, दहा-बारा पाने चाळली, भाषा शुद्ध आहे असे पाहिले आणि परत केले. त्या पैशांतून आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, हे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आले आहे. ते खरेही आहे.

तीन वर्षांनी, वर्गाच्या चाचणीचे पेपर तपासताना एका मुलीने लिहिले होते की नामदेवांनी महाभारत ओवीबद्ध केले. ते विष्णुदास नाम्याचे काम. मी वर्गात हा फरक दोनदा समजावून सांगितला होता, त्यामुळे जरा चिडूनच लाल रेघ मारली, दोन गुण कापले आणि समासात ‘वर्गात लक्ष द्यावे’ असे लिहिले. तालुक्याच्याही पलीकडून एसटीने येणारी ती मुलगी, फार बोलणारी नव्हती. तास संपल्यावर टेबलापाशी आली आणि पिशवीतून पुस्तक काढून पान उघडून माझ्यासमोर धरले. पान ४७. “मॅडम, तुमच्याच पुस्तकात आहे,” एवढेच म्हणाली. तिच्या स्वरात आरोप नव्हता. गोंधळ होता. मॅडम एक लिहितात आणि एक शिकवतात, तर परीक्षेत कोणते लिहायचे?

मी दोन गुण परत दिले. ‘छपाईची चूक आहे’ असे सांगितले. ती ‘बरं मॅडम’ म्हणून गेली. ती छपाईची चूक नव्हती, आणि ते पुस्तकही माझे नव्हते, यातले एकही वाक्य मला तेव्हा उच्चारता आले नाही. दुसरे उच्चारायचे तर पाच हजारांपर्यंत जावे लागले असते.

म्हणून मॅथ्यूज काय किंवा ग्रेट्झकी काय, यांच्याविषयी नैतिक आवेशाने लिहिण्याचा अधिकार मला नाही. उलट त्यांची बाजू माझ्यापेक्षा बरी आहे. जुन्या स्टिकला नवा रंग दिला तरी खेळतो तो तोच. बर्फावर पडतो तो तोच. त्याच्या हातून चकती निसटली तर सगळ्या गावाला दिसते. माझ्या नावाखाली खेळणारा मुलगा मला ठाऊकही नव्हता. त्याला किती मिळाले, हे मी विचारले नाही.

भाच्याने, सांगायचे राहिले, ती स्टिक परत केली नाही. पात्याला पांढरी टेप गुंडाळताना तो म्हणाला की बाक चांगला आहे, नाव कुणाचंही असू दे. मग दांड्याच्या वरच्या टोकाला टेप लावून तिच्यावर मार्करने आपले नाव लिहिले. मैदानावर स्टिकची अदलाबदल होते म्हणून.

परत आल्यावर, २०२४ च्या जूनमध्ये, अप्पा बळवंत चौकात क्रमिक पुस्तके पाहत होते. त्या गठ्ठ्यात ते गाइड दिसले. मुखपृष्ठ नवे, अभ्यासक्रमाचे नाव नवे, आणि नावही नवे : माझ्या जागी एक तरुण प्राध्यापक, ज्यांना मी एका चर्चासत्रात ऐकले होते आणि जे चांगले बोलले होते. मी पुस्तक उघडले. पृष्ठांकन बदललेले होते, वाक्य बदललेले नव्हते. आता ते पान ५२ वर आहे.

त्यांचा क्रमांक मिळवायला दोन दिवस लागले आणि फोन लावायला आणखी चार. पुस्तकात एक चूक आहे, मुले ती परीक्षेत लिहितात, पुढच्या आवृत्तीत तरी दुरुस्त करून घ्या, असे मी म्हणाले. ते फार नम्रपणे ‘हो मॅडम, नक्की’ म्हणाले, पान विचारले, मी सांगितले. कागदावर काही खरडल्याचा आवाज आला. मग जरा थांबून त्यांनी विचारले, “पण मॅडम, एवढ्या पुस्तकात ही एकच ओळ तुम्हाला कशी सापडली?”

मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना २००६ पासून सांगायला सुरुवात केली.