नऊने भागला जाणारा फरक

मी बँकेत रुजू झालो तेव्हा शाखेत संगणक नव्हते. खातेवह्यांतील शिल्लका वेळोवेळी जुळवून पाहाव्या लागत. एकाने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने यादीवर उतरवायचे, अशी रीत होती. बेरीज जुळली नाही की आमचे वयोवृद्ध अकाउंटंट साहेब चष्मा वर सरकवून एकच प्रश्न विचारीत, "फरक नऊने भागला जातो का?" भागला गेला, तर बहुधा कोणीतरी दोन अंकांची अदलाबदल केलेली असे. ६३ च्या जागी ३६ लिहिले, की फरक २७. एम.कॉम.च्या अभ्यासात कोठेही न भेटलेली ही युक्ती पुढे मीही कितीतरी कनिष्ठ सहकाऱ्यांना शिकवली. मात्र ही अदलाबदल मुळात होते तरी का, हा प्रश्न मला नोकरीच्या सबंध काळात कधी पडला नाही. त्याचे उत्तर निवृत्तीनंतर, बीड जिल्ह्यातील एका लहानशा जिल्हा परिषद शाळेत सतरंजीवर बसून मिळाले. ते वाचकांपुढे ठेवावे आणि त्यासोबत माझी एक चूकही कबूल करावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

२०१९ च्या मे अखेरीस मी सेवानिवृत्त झालो. हाती रिकामा वेळ होता. त्याच जून महिन्यात बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून महाराष्ट्रात गदारोळ उठला. पुस्तकात एकवीस, बावीस या रूढ नावांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यावाचनाची रीतही दिली होती. वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी, एवढेच काय, विधानसभेतही तिची चर्चा झाली. आडनावांची मोडतोड करून विनोद रचले गेले. त्यातले तीन-चार विनोद मीही आमच्या कुटुंबाच्या गटावर मोठ्या उत्साहाने पुढे पाठवले. वर स्वतःची पुस्ती जोडली, "आम्ही काय अडाणी राहिलो होतो?"

माझी पुतणी प्राथमिक शिक्षिका आहे. तिने गटावर काही लिहिले नाही. संध्याकाळी फोन करून एवढेच म्हणाली, "काका, पुस्तक उघडून पाहिलंत का? नसेल तर एक दिवस माझ्या वर्गात येऊन बसा."

पुस्तक मी पाहिले नव्हते. जुलैत तिच्या शाळेत गेलो. दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत होत्या. पटावरील निम्म्याहून अधिक मुले ऊसतोड कामगारांची. दिवाळी झाली की आईवडिलांसोबत कारखान्यांच्या फडावर जाणारी आणि पाडव्याच्या आगेमागे परतणारी ही मुले. पहिलीचे अर्धे वर्ष ज्यांचे उसाच्या फडात गेले, ती आता दुसरीत बसली होती.

पुतणीने संख्या सांगितली, "त्रेसष्ट." समोरच्या मुलाने पाटीवर ३६ लिहिले. मी पुढे सरसावून "चूक!" म्हणणार, तोच तिने डोळ्यांनी मला थांबवले. "काका, त्यानं ऐकलं तसंच लिहिलंय. त्रे आधी आलं, म्हणून तीन आधी."

मी जागच्या जागी स्तब्ध झालो. शिल्लका जुळवताना वाचणारा 'त्रेसष्ट' म्हणे आणि दमलेल्या कारकुनाच्या हातून ३६ उतरे. अंकांची अदलाबदल हात घाईत असला की कोणत्याही भाषेत होऊ शकते, हे खरे. पण आपल्या भाषेत तिला कानाचीही साथ असते, हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

आपली संख्यानामे संस्कृतातून प्राकृताच्या वाटेने आली. त्या परंपरेत एकक आधी, दशक नंतर. 'त्रिषष्टि'चे त्रेसष्ट झाले, 'पंचषष्टि'चे पासष्ट. झिजता झिजता त्यांतील तीन, पाच आणि साठ ओळखू येईनासे झाले. लिहिताना मात्र दशक आधी. शिवाय 'एकोण'ची गंमत आहे. एकोणतीस म्हणताना कानावर तीस पडते आणि पाटीवर आधी दोन लिहायचे असतात. ही रीत अंगवळणी पडावी, तर एकोणनव्वदनंतर येणारी शेवटची संख्या 'नव्याण्णव'! म्हणजे शंभरापर्यंतची नावे मुलाला जवळजवळ एकेक करून पाठच करावी लागतात.

माझ्या पत्नीचे माहेर बेळगावकडचे. तिला घरी येऊन विचारले. कानडीत एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे वीस आणि एक. तेलुगूतही तीच रीत आहे. शेजारच्या भाषा ज्या पद्धतीने शतकानुशतके मोजत आल्या, तिला आम्ही 'परदेशी खूळ' म्हणून मोकळे झालो होतो.

पुढे पुतणीने सुचवलेले थोडेफार वाचले. चिनी भाषेत अकराला 'दहा एक' म्हणतात. अमेरिकन संशोधक केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की दहापर्यंत मोजण्यात चिनी आणि अमेरिकन बालके सारखीच असतात. दहाच्या पुढे, जिथे इंग्रजी नावे अनियमित होतात, तिथे अमेरिकन मुले मागे पडतात. नॉर्वेत तर १९५१ साली संख्या उच्चारण्याची रीत अधिकृतपणे बदलून दशक आधी आणले गेले. दूरध्वनी खात्याला क्रमांक सांगताना-ऐकताना होणाऱ्या चुका टाळायच्या होत्या. तरीही तिथे घरोघरी जुनी रीत दीर्घकाळ टिकून राहिली आणि दोन्ही नांदल्या.

बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा होत्या डॉ. मंगला नारळीकर. गणितात पीएच.डी. मिळवलेल्या आणि मुलांसाठी 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या विदुषी. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, दोन्ही रीती दिल्या आहेत, मुलांना संख्या समजावी एवढाच हेतू आहे, असे त्या परोपरीने सांगत होत्या. ऐकण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो. १७ जुलै २०२३ रोजी त्यांच्या निधनाची बातमी वाचली, तेव्हा मी पुढे पाठवलेले ते विनोद मला आठवले. पुसून टाकता येतील अशी ती गोष्ट राहिली नव्हती.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला, हे आपल्या समाजात अभिमानाने सांगितले जाते. मीही व्याख्यानांतून सांगत आलो. पण आपल्याच जिल्ह्यातील एक मूल पाटीवर ३६ का लिहिते, याची चौकशी त्या अभिमानाने मला कधी करायला लावली नाही.

एक गोष्ट मात्र बँकेतील अनुभवामुळे स्पष्ट दिसते. मुख्य कार्यालयाचे परिपत्रक कारणाशिवाय शाखेत आले, की ते फाईलला लागते. काउंटरवर जुनेच चालू राहते. संशोधनाचेही तसेच होते. ते पुस्तकात छापून आले, पण पालकांना त्याचे कारण कोणी समजावून सांगितले नाही आणि शिक्षकांनाही पुरेसा अवकाश मिळाला नाही. मधल्या रिकाम्या जागेत विनोद शिरले. संशोधन आणि पाटी यांच्यामध्ये उभी असते ती शिक्षिका. तिला कारण कळले, तरच पुढचे घडते.

त्या दिवशी पुतणीने पुढे काय केले, ते सांगतो. तिने मुलाला काड्यांचे ढीग दिले. दहा-दहा काड्या दोऱ्याने बांधायला सांगितल्या. मुलगा लगेच म्हणाला, "बाई, ही तर मोळी!" उसाच्या मोळ्या बांधताना त्याने आईला रोज पाहिले होते. सहा मोळ्या आणि तीन सुट्या काड्या त्याने मांडल्या. "किती?" "सहा मोळ्या, तीन." "म्हणजे साठ तीन. आणि त्याला आपण म्हणतो त्रेसष्ट." त्याने आधीचे पुसून ६३ लिहिले. बाजारात, मुकादमाकडच्या उचलीच्या हिशेबात, त्याला त्रेसष्टच ऐकावे लागणार आहे. म्हणून तिने जुने नाव सोडले नाही; त्याच्याकडे जायला एक पायरी दिली. आईवडिलांच्या नावे वहीत काय मांडले आहे, हे या मुलाला उद्या स्वतः वाचता यावे, इतकी साधी आणि इतकी मोठी ही गोष्ट आहे.

आता मीही आठवड्यातून एकदा त्या शाळेत जातो. उत्तर चुकले की पूर्वीच्या सवयीने मनातल्या मनात फरक काढतो. तो नऊने भागला गेला, तर 'चूक' म्हणत नाही. काड्यांचा डबा पुढे सरकवतो.