राणीसाहेब हुकूम देत नाहीत

दोस्तांनो, मोबाईलवर मुंग्यांचं राज्य चालवायचा खेळ तुमच्यापैकी किती जण खेळतात? हात वर करा बघू! आई-बाबांनीही करायला हरकत नाही. मी स्वतः चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि गेले दोन महिने हा खेळ खेळतो आहे. भाच्याने शिकवला.

खेळ तसा झकास आहे. सुरुवातीला एक राणी, चार-दोन कामकरी मुंग्या आणि जमिनीखाली लहानशी पोकळी. मग बोगदे खणा, अंड्यांसाठी खोली करा, कोठार बांधा, सैन्य वाढवा आणि शेजारच्या वारुळावर चाल करून जा. काही मुंग्या पानं कातरून आणतात, त्यांवर बुरशी वाढवतात आणि ती बुरशी खातात, हे आमच्या भाचेबुवांना या खेळातूनच कळलं. आणि ते अगदी खरं आहे बरं का! मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत अशा शेतकरी मुंग्या आहेत.

हे वेड काही आजचं नाही. १९९१ साली विल राइट यांचा 'सिमअँट' हा संगणकावरचा खेळ आला होता. त्यात अंगणातल्या काळ्या मुंग्यांच्या बाजूने लाल मुंग्यांशी लढायचं असे.

आमच्या मोबाईलवरच्या खेळात मात्र एक गोम आहे. तिथे प्रत्येक गोष्टीला घड्याळ. अंडी उबायला काही तास, खोली बांधायला आणखी काही तास. थांबायचं नसेल तर पैसे भरा! शिवाय वारुळाभोवतीचं संरक्षक कवच ठरावीक वेळाने उतरतं. एकदा ते पहाटे ३ वाजता उतरणार होतं, म्हणून सातवीतल्या या सेनापतींनी चक्क गजर लावला. सेनापती उठले, त्यांच्याबरोबर आजीही उठली. सकाळी ताईचा पारा असा चढलेला, की फोन आता कपाटात जाणार हे नक्की.

"अरे, एवढं काय अडलं होतं रे रात्रीचं?" आजीने विचारलं.

"आजी, मी नसलो तर मुंग्यांना कोण सांगणार काय करायचं ते?"

त्याचा चेहरा अगदी गंभीर होता. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "बरं, खऱ्या वारुळात कोण सांगतं?"

"राणी!"

तुम्हीही हेच म्हणाला असतात, हो ना? पण राणीसाहेब हुकूम वगैरे काही देत नाहीत. त्यांचं काम अंडी घालण्याचं. काही जातींत राणी वीस-वीस वर्षं जगते, पण आज दाणे आणायला किती जणींनी जायचं, हे ती कधीच ठरवत नाही.

मग कोण ठरवतं? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डेबोरा गॉर्डन यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं. बाहेर जाणारी मुंगी बिळाच्या तोंडाशी थांबते. दाणा घेऊन परतणाऱ्या मुंग्या भराभर भेटू लागल्या, की ही निघते. कुणी भेटेना, तर आतच राहते. कडक उन्हात उगीच भटकलं तर अंगातलं पाणी जातं ना! बस, एवढाच हिशेब. गंमत म्हणजे त्याच विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ बालाजी प्रभाकर यांना यात ओळखीची रीत दिसली. इंटरनेटवर माहिती पाठवणारा संगणकही 'पोचलं' अशी पावती किती लवकर येते ते पाहून पुढचा वेग ठरवतो. दोघांनी मिळून हे २०१२ साली मांडलं.

भाचेबुवांना सगळ्यात आवडली ती आळशी मुंग्यांची हकिगत. खेळात मुंगी रिकामी बसली की लगेच खूण लुकलुकते : कामाला लावा! ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी एका जातीच्या मुंग्यांवर रंगाचे ठिपके देऊन नजर ठेवली, तर जवळजवळ ४० टक्के मुंग्या बहुतेक वेळ नुसत्या बसलेल्या! मग त्यांनी सर्वांत कामसू २० टक्के मुंग्या बाजूला काढल्या. आठवड्याभरात काही बसलेल्या मुंग्या उठल्या आणि त्यांनी कामं उचलली. म्हणजे ती राखीव फौज होती तर! (हे ऐकल्यापासून रविवारी खोली आवरायला सांगितलं, की भाचेबुवा "मी राखीव आहे" म्हणतात. ताई माझ्याकडे बघते.)

"पण मामा," तो बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "मग खऱ्या वारुळात आपली जागाच नाही! बटणं दाबणारा तिथे कुणी नसतोच."

फोन कपाटात गेला नाही. गजर मात्र बंद झाला, तो त्याने स्वतःच केला. त्यानंतर दोनदा रात्री वारूळ लुटलं गेलं. पहिल्यांदा तो खूप चिडला, दुसऱ्यांदा कमी. मला विचाराल, तर मुलाला पहाटे ३ वाजता उठवणारा खेळ चांगला नव्हे, मग चित्रं कितीही सुरेख असोत.

सध्या एका वहीत त्याचा स्वतःचा खेळ तयार होतो आहे. त्यात कुणालाच हुकूम द्यायचा नाही. आपण फक्त साखरेचा दाणा ठेवायचा, पाऊस पाडायचा आणि बघत बसायचं. परवा तो अडला. "मामा, यात जिंकायचं कसं?" मलाही अजून सुचलेलं नाही. तुम्हांला सुचलं तर जरूर कळवा. तोवर आम्ही दोघं खिडकीत साखरेचे पाच दाणे ठेवून, पहिली मुंगी परत गेल्यावर किती वेळाने किती जणी येतात, ते मोजतो आहोत. काल १४ आल्या.