दमट हवेतला बर्फ

बर्फ पाडायला फारसं डोकं लागत नाही. मासळीच्या बंदरांना लाद्या पुरवणारे कारखाने वर्षानुवर्षं तेच करत आलेत. अमोनियाच्या यंत्राने खारं पाणी शून्याखाली उतरवायचं, त्यात गोड्या पाण्याचे डबे सोडायचे आणि वाट बघायची. मी या धंद्यात शिरलो तो लाद्यांच्याच बाजूने. स्केटिंगची रिंक म्हणजेही एकच आडवी पसरलेली लादी, फक्त डब्याशिवाय. काँक्रीटच्या पोटात साधारण 10 सेंटिमीटरच्या अंतराने नळ्या घातलेल्या असतात. त्यांतून उणे 10 अंशांच्या आसपासचं ब्राइन किंवा ग्लायकॉल फिरत राहतं आणि वरचा तीन-चार सेंटिमीटर बर्फ उणे चार-पाचावर धरून ठेवतं. पाणी एकदम ओतायचं नाही, बारीक फवाऱ्याने थरावर थर चढवायचे. मधल्या एका थराला पांढरा रंग मारतात, नाहीतर खालचं काँक्रीट दिसून सगळं मळकट वाटतं. आइस हॉकीच्या 60 बाय 30 मीटरच्या रिंकला तीन सेंटिमीटर बर्फ धरला, तर जवळपास 50 हजार लिटर पाणी झालं.

नवी मुंबईत सीवूड्सला राहतो म्हटल्यावर लोक हटकून विचारतात, इथल्या उकाड्यात असली रिंक टिकेल का? उकाड्याचं मला काही वाटत नाही. भिंतींना जाड इन्सुलेशन दिलं, कॉम्प्रेसर ताकदीचा बसवला की उकाड्याचं भागतं. मला धास्ती वाटते ती पाम बीच रोडच्या पलीकडच्या खाडीची. जुलैत बाहेर 28 अंश आणि आर्द्रता 85-90 टक्के असली की दवबिंदू 25 अंशांच्या वर जातो. त्याहून थंड जे जे सापडेल त्यावर ती हवा पाणी सोडणार, आणि आपण तर उणे चारचं अख्खं मैदान उघडं टाकून बसलेलो.

हिशेबच करून बघा. एक लिटर पाणी शून्यावरून गोठवायला 334 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तेवढ्याच पाण्याची वाफ हवेतून थेट बर्फावर येऊन बसली, तर 2,800 च्या वर. आठपट! शिवाय ती बसते ती खरखरीत हिमासारखी, पात्याला अडवणारी.

त्याहून छळवादी असतं छत. बर्फ वरच्या छताचीही उष्णता ओढून घेतो. छत आतल्या हवेपेक्षा गार पडतं, आणि गार पाण्याच्या तांब्याला घाम फुटावा तसं ठिबकू लागतं. थेंब पडेल तिथे बर्फावर एकेक टेंगूळ उठतं. म्हणून छताखाली चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पडदा ताणतात, त्याने उष्णतेची ही देवघेव कमी होते. आणि डिह्युमिडिफायर लागतोच. आमच्या किनाऱ्यावर तर सिलिका जेलचं फिरतं चाक असलेला हवा, नुसत्या थंड कॉइलवर भागत नाही. आतल्या हवेचा दवबिंदू पाचाच्या खाली आणला की मग माझा जीव खाली पडतो.

हे दुखणं आजचं नाही. 1876 साली जॉन गॅमगी या माणसाने लंडनमध्ये यंत्राने गोठवलेली पहिली रिंक उघडली. खाली माती, गाईचे केस, लाकडी फळ्या, वर तांब्याच्या नळ्या आणि त्यांत ग्लिसरिन. बर्फ उत्तम झाला, पण बर्फावर धुकं दाटायचं. लंडनमध्ये ही गत! आमच्याकडे मुंबईकरांच्या एका पिढीने बर्फावर पहिला पाय ठेवला तो गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये, तेही शेजारीच खाडी असताना. तिथे हवा कोरडी राखणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

हल्ली प्लास्टिकच्या तक्त्यांच्या रिंका निघाल्यात. मला त्यांचा राग नाही. वाढदिवसाच्या पार्ट्यांना बऱ्या. पण आपली मुलं लेहला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत उतरतात, तीही मुळात चाकांवर शिकलेली. त्यांना वळणावर पातं खरं चावणारा बर्फ लागतो. बर्फ कसा आहे ते मी कानाने ओळखतो. फार गार असला तर पात्याखाली तुकडे उडतात आणि कोरडा करकर आवाज येतो. मऊ असला तर पातं मुकं होतं. मग सरफेसर फिरवायचा: आधी तासायचं, मग धुवायचं, शेवटी 60 अंशांच्या पुढचं गरम पाणी पातळ पसरायचं. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, शिवाय त्या पाण्याने खाचा वितळून भरतात आणि नवा थर जुन्याला घट्ट धरतो. मात्र रोज थर चढवत जाऊन जाडी वाढली, तर बर्फच बर्फाला पांघरूण होतो आणि विजेचं बिल चढतं. म्हणून भोकं पाडून पट्टीने मोजत राहायचं.

सल्ला विचारायला येणाऱ्या मॉलवाल्यांना रिंक दर्शनी भागात हवी असते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोकळी दिसेल अशी. इथे तर स्टेशनावरून माणूस सरळ मॉलमध्ये शिरतो. पावसाळ्यात प्रत्येकाच्या हातात ओली छत्री, पायांत ओल्या चपला. मी म्हणतो, काच लावा हवी तेवढी, पण दारं दोन, मध्ये बंद खोली, आणि एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. तेवढ्या जागेत एक दुकान बसलं असतं, हे त्यांचं म्हणणंही खोटं नसतं.