तांबट आळींतील छायाचित्रें

धंदेवाईक छायाचित्रकार म्हटला कीं, लग्नमुंजींतले फोटो काढणारा गृहस्थ, एवढीच कल्पना अद्याप पुष्कळ घरांतून आढळते. परंतु या कलेची एक निराळी शाखा आमच्या पुण्यासारख्या शहरांतून चांगलीच फोफावली आहे. लहान दुकानदार, खानावळवाले, कारागीर यांच्या जागीं जाऊन त्यांच्या मालाचीं व कामाचीं चित्रें घ्यावयाचीं, आणि तीं त्यांनीं पत्रकांवर, पाटीवर किंवा मोबाइलवरील आपल्या 'दुकानांत' लावावयाचीं, असा हा व्यवसाय आहे. आमची पुतणी स्थापत्याची पदवी घेऊन दोन वर्षें नोकरींत राहिली व नंतर यांत शिरली. त्यावर घरांत जी चर्चा झाली तिचें वर्णन करण्यास येथें जागा नाहीं. "पेटी घेऊन दारोदार हिंडणें" असें आमच्या थोरल्या वहिनींचें मत पडलें, व तें अद्याप बदललेलें नाहीं, इतकें सांगितलें म्हणजे पुरे.

तिच्या कामाचें स्वरूप प्रत्यक्ष पाहावें, म्हणून आम्ही एके दिवशीं सकाळीं तिजबरोबर कसबा पेठेंतील तांबट आळींत गेलों. पेशवाईपासून तांब्याचीं भांडीं घडविणाऱ्यांची ही वस्ती. बंब, घंगाळें, हंडे, कळशा यांचा एके काळीं घरोघर जो खप होता तो आतां राहिलेला नाहीं. हल्लींचें गिऱ्हाईक शोभेच्या व भेटीच्या वस्तूंचें, आणि तें बहुधा चित्र पाहून येणारें. तेव्हां चित्रावर त्या मंडळींचें पोट किती अवलंबून आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच.

ज्यांचें काम होतें ते कारागीर साठीच्या घरांतले, मोठे अगत्यशील. त्यांचें म्हणणें असें कीं, मोठ्या कंपन्यांचीं भांडीं जशीं पांढऱ्या शुभ्र पडद्यापुढें मांडलेलीं असतात, तशींच आपलीं दिसावींत. काळवंडलेल्या भिंती, ऐरण, पत्र्याचे कातरलेले तुकडे, यांपैकीं कांहीं चित्रांत येऊं नये. "ताई, ही जागा कोण बघतंय? भांडं तेवढं चांगलं दिसूं द्या."

"भांडं चांगलं आहेच, काका," ती म्हणाली, "पण तें तुम्ही हातानं केलंय, हें कुठं दिसणार?"

वादाचें मर्म येथें होतें. तांब्याचें भांडें मठारतात, म्हणजे त्यावर हातोड्याचे ठोके ओळीनें व जवळजवळ घालतात. त्यानें पत्रा कणखर होतो, व अंगावर असंख्य बारीक पैलू उमटतात. हातानें घातलेले ठोके कधींहि अगदीं सारखे पडत नाहींत. यंत्रानें तसे ठसे उठविलेलीं भांडींहि बाजारांत मिळतात, त्यांवरील ठसे मात्र एकसारखे असतात. पांढऱ्या पडद्यापुढें चोहोंकडून प्रकाश पाडला कीं हा भेद पार पुसून जातो. मग गिऱ्हाइकाला तुलना करावयास किंमत तेवढी उरते, आणि किंमतींत यंत्रापुढें हात हरणारच. म्हणजे ज्या चित्रासाठीं या गृहस्थांनीं गांठचे पैसे मोजावयाचे, तेंच त्यांच्या मुळावर येणार! पुतणीनें दोन्ही प्रकारें एकेक चित्र घेऊन त्यांच्यापुढें धरलें. ते बराच वेळ पाहत राहिले व म्हणाले, "बरं, तुमच्या मनासारखं करा." पटलें कीं भीड पडली, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

पुढचें काम मात्र सोपें नव्हतें. मठारलेलें भांडें म्हणजे शेंकडों चिमुकले आरसे. त्यांत दार दिसे, कॅमेऱ्याची तिवई दिसे, आणि कोपऱ्यांत छत्री घेऊन बसलेले आम्हीहि दिसत होतों. कांचेवरील किंवा पाण्यावरील चकाकी मारण्यासाठीं पोलरायझर नांवाची कांच असते. धातूच्या चकाकीपुढें तिचें कांहीं चालत नाहीं. म्हणून एका बाजूस पांढरा कपडा ताणावयाचा, दुसऱ्या बाजूस काळा कागद उभा करावयाचा, आणि दारांतून येणारा उजेड भांड्यावर तिरपा घ्यावयाचा. तेव्हां कुठें एकेक ठोका सुटा दिसूं लागतो. कारखान्यांतला पिवळा दिवा तिनें प्रथमच मालवावयास लावला. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, तर असला दिवा २७०० च्या आसपास. दोन्ही एकत्र झाले कीं अर्धें भांडें निळसर आणि अर्धें नारिंगी. शिवाय शेजारी घण पडला कीं फरशी हादरे, आणि आमची पुतणी ठोका थांबण्याची वाट पाहत उभी राही.

भांडें चिंच-मिठानें घांसलें कीं गुलाबी झळकतें. थोड्याच दिवसांत तो रंग उतरूं लागतो. तिनें घांसलेली कळशी व रंग उतरलेली कळशी शेजारीं शेजारीं ठेवून टिपलीं. याची काय गरज, असें आम्हीं विचारलें. उत्तरादाखल तिनें एक अमेरिकन कथा सांगितली. एका मोठ्या सूप-कंपनीच्या जाहिरातींत, भाज्या वर तरंगलेल्या दिसाव्या म्हणून बाऊलच्या तळाशीं कांचेच्या गोट्या घातल्या होत्या. त्यावर तेथील सरकारी आयोगानें हरकत घेतली, व १९७० च्या सुमारास कंपनीस तो प्रकार सोडून देण्याचें कबूल करावें लागलें. आपल्याकडेहि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं २०२२ सालीं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीं मार्गदर्शक नियम निघाले आहेत. परंतु आमच्या मतें लहान दुकानदारास कायद्याहून गिऱ्हाइकाचें भय अधिक असतें. तें एकदां फसलें कीं चार घरीं सांगतें.

जातां जातां एक गंमत. १८३९ सालीं दाग्येर या फ्रेंच गृहस्थाची जी छायाचित्रणाची रीत जाहीर झाली, तींत चित्र उमटे तें चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. हें ऐकून आमचे कारागीर मोठे खूष झाले, व "म्हणजे तुमचा धंदा आमच्याच घरचा!" असें म्हणून त्यांनीं दुसऱ्यांदा चहा मागविला.

मोबदल्याचें बोलणें मात्र चहाइतकें गोड नसतें. एका खानावळवाल्यानें तिच्याकडून चित्रें घेऊन निम्मे पैसे आजतागायत दिलेले नाहींत, आणि तीं चित्रें त्याच्या दारावर दिमाखानें झळकत आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमान्वयें, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याचा असतो, हें तिला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. आतां ती एक पानी मराठी करार आधींच करून घेते. पूर्ण पैसे मिळेपर्यंत हक्क तिचा, आणि मिळाल्यावर दुकानदाराचा. तांबटकाकांनीं तो चष्मा लावून दोनदां वाचला, सही केली, निम्मी रक्कम रोख मोजली, आणि उरलेल्या रकमेऐवजीं एक घंगाळ चालेल का, असें विचारलें. पुतणीनें नाहीं म्हटलें. वहिनींना तें घंगाळ हवें होतें, असें पुढें घरीं कळलें.